महामार्गावरची कोंडी: अडणारी जागा कशी शोधावी, रचना कशी सुधारून घ्यावी आणि नकाशा ॲप कसे वापरावे

महामार्गावर किलोमीटरभर रांग लागलेली दिसली की सबंध रस्ताच अपुरा पडला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती रांग एखाद्या पन्नास पावलांच्या जागेत तयार झालेली असते. सेवा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो ते तोंड, दुभाजकात ठेवलेला कट, उड्डाणपुलाखालचा चौक, वळणावरच उभी राहणारी बस, यांपैकी एक ठिकाण अडले की त्याच्या मागचा रस्ता चारपदरी असो वा सहापदरी, तो केवळ वाहने उभी करण्याची जागा होऊन बसतो. म्हणून रुंदीकरणाची मागणी करण्याआधी ही जागा शोधावी, मोजावी आणि तिची रचना सुधारून घ्यावी. तोवर रोजच्या प्रवासात नकाशा ॲप समजून उमजून वापरावे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात ग्रामपंचायत, युवक मंडळ किंवा नागरिक समितीत काम करणाऱ्या आणि याच रस्त्यांवरून रोज गाडी चालवणाऱ्या वाचकांसाठी हे दोन्ही कसे करावे, ते पुढे लिहिले आहे.

अडणारी जागा शोधणे

पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, कोगनोळी, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती असा बेळगावला येतो आणि हलगा, हिरेबागेवाडी, कित्तूर करत धारवाडकडे जातो. बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे या दाट वस्तीतून बाहेर पडतो. दोन्ही रस्ते लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी आखलेले आहेत. पण दुधाचे कॅन लावलेली दुचाकी, भाजीचा टेम्पो, कामगारांची बस आणि उसाची दुहेरी ट्रॉली हीसुद्धा त्याच वेळी त्याच डांबरावर असतात. गर्दी वाढली हे खरेच. पण इतक्या वेगवेगळ्या वेगाची वाहने जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे ती मिसळण्याची सोय नसणे, हे आपल्याकडच्या कोंडीचे मुख्य कारण आहे, असे माझे मत आहे.

जागा शोधण्यासाठी रांगेचे शेपूट पाहू नये, डोके पाहावे. रांगेच्या कडेने पुढे चालत जावे आणि ज्या ठिकाणानंतर वाहने अचानक मोकळी होऊन वेग घेतात, ती जागा वहीत टिपावी. अडथळा त्याच्या अलीकडच्या पन्नास-शंभर पावलांत असतो. एकाच दिवसाच्या पाहणीवर विसंबू नये. एक साधा कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि हंगामातील एक दिवस, असे किमान तीन दिवस पाहावेत. बेळगावात शनिवारी जे चित्र दिसते, ते मंगळवारी दिसत नाही.

गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी काकतीच्या बाजूला सेवा रस्त्याच्या तोंडाशी असाच उभा होतो. दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर चढावरून महामार्गावर येऊ पाहत होता. मोळ्यांचा डोंगर मागे असल्याने चालकाला मागचे काहीच दिसत नव्हते. म्हणून त्याचा साथीदार खाली उतरून बॅटरी हलवत रस्त्यात उभा राहिला. ट्रॅक्टरचे पुढचे चाक डाव्या पदरात शिरले, तशी मागून येणारी मोटार उजवीकडे सरकली, उजव्या पदरातल्या मालट्रकने करकचून ब्रेक दाबला आणि त्याच्यामागे लाल दिव्यांची माळ पेटत गेली. दुसरी ट्रॉली पूर्ण पदरात यायला अर्धे मिनिट लागले असेल. मला खरे शिकवले ते त्यानंतरच्या दृश्याने: ट्रॅक्टर पुढे निघून गेला, दिसेनासा झाला, तरी मागे पुलाच्या पलीकडे वाहने थांबतच होती. तिथल्या चालकांना आपण कशासाठी थांबलो, हे कधीच कळले नसणार.

यामागचे तंत्र जपानमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसते. नागोया येथे २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी एकाच वेगाने चालवण्यास सांगितले होते. रस्त्यावर कोणताही अडथळा नव्हता, तरी थोड्याच वेळात कुणाच्या तरी किंचित कमी झालेल्या वेगातून थांबण्याची लाट तयार झाली आणि ती वाहनांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. वाहने दाटीने चालत असतील तर एक ब्रेक पुरतो. सेवा रस्त्याच्या तोंडाशी दर दोन-तीन मिनिटांनी असा ब्रेक लागत असेल, तर एक लाट विरण्याआधीच दुसरी येते आणि मग संध्याकाळभर रांग हटत नाही.

मोजणी कशी करावी

तक्रारीत ‘फार गर्दी असते’ असे लिहिल्याने काही घडत नाही. आकडा द्यावा लागतो. चार जण, चार वह्या आणि एक घड्याळ एवढ्यावर ही मोजणी होते. सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या दोन तासांत प्रत्येक पंधरा मिनिटांचा स्वतंत्र रकाना करावा आणि दुचाकी, मोटार, रिक्षा, बस व मालट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली अशी वेगळी नोंद ठेवावी. नुसती वाहने मोजून भागत नाही, कारण दुचाकी आणि दुहेरी ट्रॉली रस्त्याची सारखी जागा व्यापत नाहीत. भारतीय रस्ते काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी १९९० साली काढलेल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहन किती मोटारींइतके धरावे, हे दिले आहे. मोटार १ धरली, तर दुचाकी वाहतुकीतील तिच्या प्रमाणानुसार ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा मालट्रक २.२ ते ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ धरावी लागते. त्या वाहनाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर खालचा आकडा, १० टक्क्यांच्या वर असेल तर वरचा.

समजा, एका दुपदरी रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून पंधरा मिनिटांत २४० दुचाकी, ९० मोटारी, १८ रिक्षा, १२ बस-मालट्रक आणि ६ ट्रॅक्टर मोजले. दुचाकींचे १८०, मोटारींचे ९०, रिक्षांचे २१.६, बस-मालट्रकांचे २६.४ आणि ट्रॅक्टरांचे २४ असे मिळून ३४२ एकके, म्हणजे ३४२ मोटारींइतका भार होतो, तासाला १३६८. संख्येने दोन टक्केही नसलेले सहा ट्रॅक्टर जवळजवळ बारा मालट्रकांइतका रस्ता व्यापतात, हे इथे आपोआप उघड होते.

आता त्याच मार्गदर्शिकेतील दुसरा तक्ता पाहावा, कारण माझ्या मते सबंध विषयाची किल्ली त्यातच आहे. दुपदरी, दोन्ही दिशांच्या रस्त्यावर कडेला वाहने उभी नसतील, दुकाने-घरांची तोंडे थेट रस्त्यावर उघडत नसतील आणि आडवी वाहतूक फार कमी असेल, तर त्यासाठी तासाला १५०० एकके धरतात. घरा-दुकानांना थेट वाट आहे, पण कडेला वाहने उभी नाहीत आणि चौक चांगले आहेत, असा रस्ता असेल तर १२००. आणि कडेला वाहने उभी आहेत, बसथांबे आहेत, जो तो हवे तिथून आत-बाहेर करतो आहे, अशा रस्त्यासाठी केवळ ९००. डांबराची रुंदी तीच, जमीन तीच, पण सहाशे एककांची क्षमता कडेलाच हरवते. वरच्या उदाहरणातील १३६८ चा भार पहिल्या प्रकारच्या रस्त्याला पेलतो, तिसऱ्या प्रकारच्या रस्त्याला अजिबात पेलत नाही. रुंदीकरणासाठी कुणाचे तरी शेत जाणार असते. बेळगावच्या भोवतालची सुपीक जमीन आणि तिच्यावरचा बासमती वाचावा म्हणून हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी केलेला विरोध आपण पाहिला आहे. तेव्हा जमीन मागण्याआधी कडेला हरवलेली क्षमता परत मिळवली का, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारलाच पाहिजे.

रचनेत काय मागावे

सेवा रस्त्याचे तोंड हा पहिला मुद्दा. तिथे वाहनाला मुख्य रस्त्याच्या वेगाशी जुळवून घेता येईल इतका लांब, निमुळता होत जाणारा जोडपदर असावा. मोटार आणि टेम्पोसाठी हा उपाय पुरेसा ठरतो, उसाच्या ट्रॅक्टरसाठी मात्र नाही, कारण जोडपदर कितीही लांब केला तरी तो महामार्गाचा वेग गाठूच शकत नाही. त्याच्यासाठी सेवा रस्ता मध्येच न तुटता पुढच्या भुयारी मार्गापर्यंत सलग असणे, ओढ्यावरच्या मोरीपाशी तो संपलेला असेल तर तिथे स्वतंत्र मोरी बांधून घेणे, हीच खरी मागणी आहे. त्याचबरोबर साखर कारखान्याशी बोलून आवारात ट्रॅक्टरांना क्रमांक व वेळ देण्याची पद्धत नीट पाळली जाईल आणि गर्दीच्या दोन तासांत गाड्या आवारातच थांबतील, अशी व्यवस्था करता येते. प्रवेशावर असे नियंत्रण ठेवल्याने काय साधते, याचा मोठा दाखला अमेरिकेतील मिनियापोलिस परिसरात मिळतो. महामार्गावर चढण्याच्या तोंडाशी लावलेले सुमारे ४३० सिग्नल २००० साली काही आठवडे मुद्दाम बंद ठेवण्यात आले, तेव्हा प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. वाहने थोडी थोडी सोडली तर रस्ता अधिक वाहने वाहून नेतो, हे त्यावरून ठरले.

दुसरा मुद्दा दुभाजकातील कटांचा. चार रस्ते एकत्र येणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. नीट आखलेल्या एकपदरी गोल चौकात ही संख्या ८ वर येते. गावासमोरचा कट बंद करून डावीकडे वळून पुढे यू-टर्न घ्यायला लावणे हा चांगला उपाय आहे, पण तो अर्धवट केला तर घातक ठरतो. यू-टर्न दोन किलोमीटरवर असेल, तर शाळेत मुलाला सोडायला निघालेली आई उलट्या दिशेने सेवा रस्त्यावरून येणारच. तिला बेशिस्त म्हणून प्रश्न सुटत नाही. कट बंद करण्याच्या ठरावातच पर्यायी वळण किती अंतरावर असेल, पायी चालणाऱ्यांनी कुठून ओलांडावे आणि बैलगाडी कुठून जाईल, हे लिहून घ्यावे.

बसथांबा चौकाच्या अलीकडे नको, ओलांडून पुढे हवा, आणि बस पूर्ण आत शिरेल एवढी खाच हवी. सिग्नलबाबत एवढेच पाहावे की लाल दिव्याची रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचत नाही ना. पोहोचत असेल तर लाल-हिरव्या दिव्यांचा एकूण फेरा लहान करून घ्यावा. उड्डाणपूल मागताना तो ज्या चौकात उतरणार, त्या चौकाची आधी मोजणी करावी, नाहीतर कोंडी फक्त अर्धा किलोमीटर पुढे सरकते. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांपाशी वाढलेल्या बेळगावकरांना हे वेगळे सांगायला नको.

नकाशा ॲप कसे वापरावे

गुगल मॅप्स, वेझ, मॅपल्स यांसारखी ॲप रस्ता डोळ्यांनी पाहत नाहीत. त्या रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांचा वेग पाहतात. यातूनच त्यांचे बळ आणि त्यांची चूक दोन्ही समजतात. फोन भरपूर असतील तिथे, म्हणजे चन्नम्मा चौक किंवा महामार्गावर, अंदाज चांगला येतो. फोनच नसतील तिथे ॲपला रस्ता मोकळा आहे की बंद, हे वेगळे ओळखणे कठीण जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा खरी बातमी आधी गावकऱ्यांकडून आणि पोलिसांकडून मिळाली. पावसाळ्यात कोल्हापूरकडे निघताना ॲप उघडण्याबरोबर एक फोन तिकडच्या नातेवाइकाला करावा. रस्त्यावरच्या मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा क्रमांक आहे, अपघातासाठी ११२.

निघण्याआधी घरीच मार्ग ठरवावा आणि पोहोचण्याची वेळ टाकून कधी निघावे, ते ॲपला विचारावे. अर्धा तास आधी निघणे हा बहुतेक वेळा कोणत्याही आडवाटेपेक्षा खात्रीचा उपाय असतो. वाहनाचा प्रकार नीट निवडावा. दुचाकीसाठी सुचवलेली वाट मोटारीला जाईलच असे नाही. ‘टोल टाळा’ ही खूण चुकून चालू राहिली असेल, तर ॲप कोगनोळी किंवा हत्तरगीच्या अलीकडेच गावांच्या अरुंद रस्त्यांवर उतरवते आणि आपल्याला वाटते कोंडीमुळे वळवले. म्हणून ती खूण तपासावी. उड्डाणपूल आणि त्याखालचा सेवा रस्ता यांत काही मीटरांचेच अंतर असल्याने फोनला आपण वर आहोत की खाली, हे नेहमी कळत नाही; अशा ठिकाणी आवाजापेक्षा रस्त्यावरच्या फलकावर विश्वास ठेवावा. सीमाभागात गावांची नावे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत वेगवेगळी लिहिली जातात, त्यामुळे नाव टंकण्याऐवजी नकाशावर बोट ठेवून ठिकाण निवडणे अधिक सुरक्षित असते.

आडवाटेचा मोह कधी आवरावा? माझा नियम असा आहे की तासाभराच्या प्रवासात पाच-सात मिनिटेच वाचणार असतील, तर महामार्ग सोडू नये. तोच सल्ला आपल्यासारख्या शेकडो जणांना एकाच वेळी मिळालेला असतो आणि सगळे वळले की पर्यायी रस्ताही तितकाच वेळ घेऊ लागतो. वाहतूकशास्त्रात हे तत्त्व ब्रिटिश वाहतूकतज्ज्ञ वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच मांडले. जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये याच्याही पुढे जाऊन दाखवले की, प्रत्येक जण स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडत असेल, तर जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच वेळ वाढू शकतो. शिवाय ती आडवाट कुणाच्या तरी दारातून जाते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लिओनिया नावाच्या छोट्या गावाने २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आतले रस्ते बाहेरच्यांना बंद केले, ते ॲपने वळवलेल्या गाड्यांना कंटाळूनच. शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत चारचाकींची तोंडे समोरासमोर येऊन अडतात, तेव्हा तिथल्या घरांतील म्हाताऱ्यांना ओट्यावरून रस्त्यावर पाय ठेवणे अवघड होते, हे गाडीत बसलेल्याने लक्षात ठेवावे.

गोव्याकडे जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. खानापूर-अनमोड, चोर्ला आणि आंबोली या तिन्ही वाटा घाटांच्या आणि जंगलाच्या आहेत व बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले एक कुटुंब ॲपच्या मागे जाऊन खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात रात्रभर अडकले होते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कच्चा रस्ता सुरू झाला की गाडी वळवावी आणि अंधार पडल्यावर अनोळखी वाट धरूच नये.

ॲपला माहिती देणे हेही आपलेच काम आहे. गाडी बंद पडली, काम सुरू आहे, रस्ता बंद आहे, अशा नोंदी शेजारी बसलेल्या व्यक्तीने कराव्यात, चालकाने नव्हे. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन यांच्या काळात बेळगाव शहरातील रस्ते बंद असतात. मंडळांनी बंद रस्त्यांची यादी आणि वेळ आदल्या दिवशीच वाहतूक पोलिसांमार्फत जाहीर करून घ्यावी आणि नकाशावरही नोंदवावी. कट बंद झाला किंवा रस्ता एकदिशा झाला की नकाशातील दुरुस्ती सुचवण्याची सोय वापरावी. अन्यथा ॲप महिनोन्महिने बंद वळण दाखवत राहते आणि तिथे येऊन घुटमळणारी परगावची मोटार नवी कोंडी करते. गाडी चालवताना मात्र एकच पथ्य: पुढच्या वाहनापासून अंतर राखावे आणि पाय ब्रेकवर नव्हे, ॲक्सिलरेटरवर हलका ठेवावा. तवंदी घाटात मालट्रकामागे असे चालल्यास आपल्यामागच्या वीस गाड्यांना ब्रेक दाबावा लागत नाही.

अर्ज आणि पाठपुरावा

मोजणीचे तक्ते, जागेचा हाताने काढलेला आराखडा, ठरावीक वेळेची छायाचित्रे आणि एकच स्पष्ट मागणी, एवढे अर्जाला पुरे. महामार्गाच्या जागेसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, शहरातल्या चौकासाठी महानगरपालिका व वाहतूक पोलीस, आणि दोन्हींची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावी. आधीची वाहतूक मोजणी आणि चौकाचा मंजूर आराखडा माहिती अधिकारात मागता येतो. अर्ज मराठीत करण्याचा आपला हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने मान्य केलेला आहे आणि तो आपण बजावावा. सोबत कन्नड प्रत जोडावी, कारण चौकात तासभर अडकणारा कन्नड शेजारीही या मागणीवर सही करणार आहे, आणि त्याची सही आपल्याला हवी आहे.

सुधारणा झाल्यावर त्याच वारी, त्याच वेळी, त्याच चार वह्यांनी पुन्हा मोजणी करावी. ही दुसरी मोजणी उसाचा हंगाम चालू असतानाच व्हायला हवी. पहिली मोजणी जानेवारीत आणि दुसरी मे महिन्यात केली, तर ट्रॅक्टर घरी गेल्यामुळे मोकळा झालेला रस्ता आपण नव्या रचनेच्या खात्यावर मांडू, आणि पुढच्या दिवाळीनंतर पहिली ट्रॉली त्या तोंडाशी येऊन उभी राहिली की रांग पुन्हा पुलापलीकडे पोहोचलेली दिसेल.